हक्कसोडीची साडी

नोंदणी कार्यालयाच्या बाकावर भावाने माझ्या मांडीवर नवी साडी ठेवली. खळीचा वास आला आणि आत्याचा शाईने जांभळा झालेला अंगठा आठवला.

काळाचौकीची खोली एकट्या बाबांच्या नावावर व्हावी म्हणून तिने हक्कसोडपत्रावर अंगठा दिला होता. बाबांनी तिथेच तिला साडी दिली.

"दादा, गणपतीला येऊ ना रे?"

"वेडी की काय! घर तुझंच आहे."

किती प्रेमळ वाटले होते तेव्हा मला बाबा!

गणपतीत ती आली. बाबांनी दारातच तिच्या हातावर प्रसाद ठेवला. "आत पाहुणे आहेत," म्हणाले.

"ताई, सही कर ना," भाऊ हसत म्हणाला. "घर तुझंच आहे."

मी साडी त्याच्या मांडीवर ठेवली.

"माझंच आहे ना? मग सही तू कर."