आठशेवर अडकलेला आवाज

बाबांचं स्वरयंत्र काढून टाकलं, त्याला कारण खर्रा, तंबाखू-सुपारी घोटून केलेला. नागपूरहून रायपूरला बदली होऊन येताना त्यांनी दोन गोष्टी सोबत आणल्या, बोली आणि खर्रा, आणि दुसरीने पहिली गिळली. हे मी चिडूनच लिहिते आहे. माझी चीड अजून गेलेली नाही.

नोकरीभर ते स्टेशनच्या चौकशी खिडकीवर बसले. गाडी किती लेट, कुठल्या फलाटावर, पुढची कधी, हे दिवसभर सांगायचं. विचारणारा वळायच्या आत उत्तर हातात पडलं पाहिजे, हा त्यांचा बाणा होता. घरीही तसंच. आईने प्रश्न पुरा करायच्या आत त्यांचं उत्तर तयार, आणि त्यावरून भांडणही तयार. त्या माणसाच्या गळ्याला एक भोक आणि हातात एक पाटी आली, तेव्हा चौबे कॉलोनीतलं आमचं घर इतकं गप्प झालं की फ्रिजची घरघर ऐकू यायची.

मी रायपूरजवळच्या नव्या राजधानीतल्या एका कार्यालयात सर्व्हर सांभाळते. हातात एवढी एक विद्या आहे, ती बापाच्या कामी यावी म्हणून एक लॅपटॉप घेतला, त्यावर लिनक्स घातलं आणि मराठी वाचून दाखवणारा आवाज बसवला. बाबांनी ओळ टाइप करून एंटर दाबलं की यंत्र ती ओळ बोलायचं. आवाज पुण्याकडच्या शिकलेल्या बाईचा. त्या आवाजात 'काहून वो, चहा नाही का आज?' ऐकताना आई पदर तोंडाला लावून हसायची. पण बाबा पुन्हा बोलायला लागले होते. भाजीवाल्याशी हिंदीत, आमच्याशी मराठीत, आणि दर रविवारी सकाळी बूढ़ापारा मोहल्ल्यातून येणाऱ्या त्यांच्या दोस्ताशी दोन्हींची खिचडी करून. हे काका खिडकीवर बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे. निवृत्तीनंतर खुर्च्या बदलल्या, गप्पा त्याच राहिल्या.

उन्हाळा सुरू होता होता तो आवाज मंदावला. बाबा एंटर दाबत, आणि मग काहीच नाही. आपण पाण्याचा घोट घ्यावा, पंख्याकडे बघावं, आणि मग कुठे पहिला शब्द यायचा. तोवर बोलणं दुसरीकडे गेलेलं असायचं. आई म्हणायची, "असू द्या, समजलं मले," आणि बहुतेक वेळा तिला चुकीचंच समजलेलं असायचं.

मग तो रविवार आला. काकांनी आल्या आल्या सांगितलं की पोट्ट्याला, म्हणजे त्यांच्या मुलाला, पुण्यात नोकरी लागली. बाबांनी खुशीत टाइप केलं, एंटर दाबलं. यंत्र गप्पच. काका थोडं थांबले, मग आवाज उतरवून म्हणाले, "पन यार, हिची रिपोर्ट आली काल. अच्छी नाही आली. डॉक्टर म्हणते, आता जास्त काही होऊन नाही राहिलं."

आणि तेव्हा यंत्र खणखणीत आवाजात बोललं, "फार छान झालं. पेढे कुठं आहेत?"

मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. बाबांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता, ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नाही. ते हात हलवून नाही नाही करत राहिले, पाटी शोधायला लागले, पाटी कुठे सापडेना. काका म्हणाले, "रहन दे," चहा प्यायले आणि गेले. बाबांनी लॅपटॉप मिटला, तो मिटलाच.

काका त्यानंतर आले नाहीत. काही आठवड्यांनी काकू गेल्या. बाबा अंत्ययात्रेला गेले, सगळ्यांच्या मागे हात जोडून उभे राहिले आणि परत आले. आपल्या दोस्ताशी आपण शेवटचं बोललो ते पेढ्यांबद्दल, हे त्यांना आतून खात होतं. जेवण कमी झालं. पाटीवरसुद्धा 'हो' आणि 'नको' यापलीकडे काही लिहीत नसत. मला भीती वाटायला लागली की हा माणूस आता बोलणं सोडून देतोय, आणि एकदा सोडलं की त्यामागून बाकीचंही सोडेल.

मी लॅपटॉपच्या मागे लागले. दोष कुठे आहे ते पहिल्याच दिवशी दिसलं. प्रोसेसर काम नसलं की हळू चालतो आणि काम आलं की वेग घेतो; अडीच हजार मेगाहर्ट्झपर्यंत जायला हवा तो आठशेच्या पुढे सरकतच नव्हता. मराठी आवाज जड, त्याला आठशे कसे पुरणार? वेग ठरवणाऱ्या सेटिंगला गव्हर्नर म्हणतात. तो बदलून सगळ्यात जोरकस केला. त्याने मान डोलावली आणि आठशेवरच बसला. वरची मर्यादा पाहिली, ती बरोबर होती. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी जुनं घातलं, मग नवं घातलं. ऊन फार म्हणून तापत असेल असं वाटलं, तर तापमान अगदी नॉर्मल. तरी कूलरसमोर ठेवून पाहिला. लॅपटॉपला सर्दी व्हायची तेवढी बाकी राहिली. ऑफिसात सगळे ज्या मॅडमला विचारायला येतात ती मॅडम घरी एका डब्यासमोर हात टेकून बसली होती.

शेवटी एक दिवस तो ऑफिसात नेला. तिथे आमच्याकडे त्याच कंपनीचे लॅपटॉप आहेत, म्हणून एक चार्जर लावला आणि काम करता करता बघत राहिले. अडीच हजार! दिवसभर सुरेख चालला. घरी बॅटरी कधी चार्जच व्हायची नाही, आम्ही ती मेली असं धरून चाललो होतो, तीही भरली. मी मनात स्वतःची पाठ थोपटत संध्याकाळी घरी आले.

आईने सवयीने लगेच वायर लावली. मी बाबांच्या पुढ्यात लॅपटॉप ठेवला. ते मान फिरवून बसले. मी हट्टच धरला, "बाबा, एक ओळ. माझ्यासाठी." त्यांनी नाइलाजाने काहीतरी टाइप केलं, एंटर दाबलं, आणि पुन्हा तीच शांतता. मला इतका राग आला की तो डबा गॅलरीतून खाली टाकावा असं वाटलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू समजूत मलाच घालायची आहे.

तेवढ्यात आंधी, धुळीचं वादळ, आली आणि लाईट गेली. कॉलोनीत लाईट क्वचित जाते, म्हणून आमच्याकडे इन्व्हर्टर नाही. सगळं अंधारलं, फक्त लॅपटॉपचा पडदा उजेड देत होता. बाबांची बोटं जुन्या सवयीने चालली आणि अंधारात लगेच आवाज आला, "मेणबत्ती कुठं ठेवली वो?"

"फ्रिजवर," आई म्हणाली. मग ती जागच्या जागी थांबली.

"फ्रिजवर काहून? तिथं वितळून नाही जाईल का?"

"तुमच्या डोक्यापेक्षा थंड आहे तो फ्रिज!"

असं ते दोघं किती तरी वेळ बोलत राहिले. मेणबत्ती कोणीच आणली नाही. मग लाईट आली, पंखा फिरला, आणि बाबांची पुढची ओळ आतच अडकली.

मी पिनेला हात घातला. वायर काढली, आवाज आला. लावली, गेला. चार्जर उलटा करून नीट पाहिला. कंपनीचं स्टिकर होतं, पण थोडं तिरकं चिकटवलेलं.

"आई, हा चार्जर कुठला?"

"बाजारातला. का बरं?"

"आणि जो सोबत आला होता?"

तिने कपाटाकडे बोट केलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला शेजाऱ्यांचा चार्जर व्होल्टेज वाढून जळाला होता. तेव्हापासून तिने आमचा ओरिजिनल काढून प्लॅस्टिकमध्ये बांधून, पाहुण्यांच्या चादरींच्या खाली ठेवला होता. रोजच्याला डुप्लिकेट. आमच्या घरात चांगली वस्तू वापरायची नसतेच, ती जपायची असते. चांगल्या कपबशा, चांगले टॉवेल, सगळं कुणीतरी येईल त्याच्यासाठी. आणि हा लॅपटॉप नेमका असा की ओळखीचा चार्जर नसला तर बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरला वेग घेऊ देत नाही. त्यात लिनक्सचा काडीचा दोष नव्हता.

आई खाली बसली. "म्हणजे मीच यांचं तोंड बंद करून ठेवलं," म्हणाली आणि रडायला लागली. मी काही बोलायच्या आत, ओरिजिनल चार्जर लावलेल्या लॅपटॉपवरून उत्तर आलं, "लग्नापासून तेच करून राहिली तू. रडते कायले?" ती रडता रडता हसली. मग बाबांनी आणखी एक ओळ टाइप केली. "मले बूढ़ापाऱ्याले घेऊन चाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्कूटरवर गेलो, लॅपटॉप बाबांच्या मांडीवर. काकांनी दार उघडलं. दाढी वाढलेली. बाबांनी बसल्या बसल्या टाइप केलं, "पेढे मी पोट्ट्याच्या नोकरीसाठी म्हटलं होतं."

"माहीत आहे मले," काका म्हणाले. "इतके साल बाजूले बसलो तुह्या. तुले नाही ओळखत का मी? पन तू मशीन बंद केली. मले वाटलं, तुले आता बोलायचंच नाही कोनाशी. आपलं दुखनं घेऊन काहून त्रास द्यायचा, म्हनून नाही आलो."

बाबांनी लगेच पुढची ओळ टाइप केली. मग यंत्र म्हणालं, "वहिनी कशा गेल्या, सांग मले."

येणारा प्रत्येक जण काकांना धीर धर, आता पोराकडे बघ, असं सांगून गेला होता. हे कोणी विचारलं नव्हतं. ते सांगायला लागले. हॉस्पिटलमधली खाट, तिने मागितलेला वरणभात, शेवटच्या सकाळी तिने त्यांच्या शर्टाचं बटण लावून दिलं ते. मधेच ते थांबायचे. एक शब्द आधीच टाइप केलेला असायचा; काका थांबले की बाबांचं बोट एंटरवर यायचं, आणि क्षणाचाही उशीर न होता तो परका, पुणेरी आवाज विचारायचा, "मग?"

आणि काका पुढे सांगायचे.