उचललेला भंडारा

देव शिक्षा करतो तेव्हाही तो आपलाच राहतो का, हा प्रश्न या उन्हाळ्यात माझ्या डोक्यात घर करून बसला होता. तोवर मी देवाला फारसं काही विचारलं नव्हतं. नैवेद्य दाखवायचा आणि आपल्या कामाला लागायचं, एवढीच आमची ओळख.

झालं असं, की आमच्या गावची मंडळी हिवरे बाजार पाहून आली आणि आपलंही तळं राखायचं सगळ्यांच्या मनानं घेतलं. खंडोबाच्या देवळासमोर गाव जमलं. घराघरातल्या कर्त्या माणसानं हातात भंडारा उचलून शपथ घेतली, की पिण्याच्या तळ्यात कुणी मोटर टाकणार नाही आणि कुणाच्या घरावर वेळ आली तर गाव त्याच्या मागं उभं राहील. आमच्या ह्यांनीही भंडारा उचलला. सगळ्यांत मोठा आवाज ह्यांचाच. पुढं पावसानं ओढ दिली, आमची लिंबांची बाग करपायला लागली, आणि ह्यांनी गुपचूप तळ्यात मोटर टाकली. मी बोलून पाहिलं, पण बागेपुढं ह्यांना बायको दिसत नाही. ह्यांचं पाहून आणखी काहीजण धजावले. बघता बघता तळ्याचा तळ उघडा पडला. शेजारच्या दगडूनं पाण्यापायी दावणीच्या गाई विकल्या. इतकं करून आमची बाग वाळायची ती वाळलीच.

गावानं दंड केला नाही, भांडणही केलं नाही. फक्त आमच्या ओट्यावर येऊन बसायचं सोडलं. हे देवळाची पायरी चढेनात. त्यातच आमची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिच्याकडे बघत हे एकदा हळूच म्हणाले, "देव बागंवर भागवायचा न्हाई. ह्या पोरीवर काढंल माजं." मला ह्यांची दयाही आली आणि रागही. तोंडानं मी "काहीतरीच बोलू नका" म्हटलं, पण भीती मलाही होतीच.

एका रविवारी सकाळीच तिला कळा सुरू झाल्या. गावच्या आशाताईंना बरोबर घेऊन आम्ही नगरचा दवाखाना गाठला. नात सुखरूप झाली, पण लेकीचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टर म्हणाले, रक्त लागेल, आणि तिच्या गटाचं रक्त सहज मिळत नाही. रक्तपेढीत ते शिल्लक नव्हतं. दुसरीकडे चौकशी चालू होती. मी ह्यांना म्हटलं, गावात फोन करा. "कोन्त्या तोंडानं करू?" म्हणाले आणि भिंतीकडे वळले. ह्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मी आवारात कडुनिंबाखाली जाऊन बसले. हात आपसूक जोडले गेले. देवा, शपथ आम्ही मोडली. शिक्षा टाळ म्हणायला मला तोंड नाही. पण तू आमचा आहेस, तेवढं मोडू नकोस.

तेवढ्यात फाटकातून कांद्याचा टेम्पो आत आला. मागं आमचं गाव उभं होतं. बाया, बापे, आणि सगळ्यांची कपाळं भंडाऱ्यानं पिवळी. क्षणभर मला माणसं ओळखूच येईनात. ते पिवळं तेवढं दिसत होतं. मागून कळलं, की आशाताईंनी गावात फोन केला तेव्हा गाव रविवारच्या आरतीला जमलेलं होतं, आणि तिथूनच सगळे उठून आले. बहुतेकांना आपला रक्तगट माहीतही नव्हता. एकेकाचा तपासला. लेकीशी जुळला तो दगडूचा.

त्याला बघून हे उठून उभे राहिले, हात जोडले. दगडू बाही वर करत म्हणाला, "तात्या, भंडारा आमीबी उचलला हुता. तुमी मोडला म्हनून आमी मोडायचा व्हय?"

सगळ्या तपासण्या होऊन रक्त चढेपर्यंत दिवस कलला. लेकीच्या ओठांवर हळूहळू रंग आला आणि तिनं पाणी मागितलं. त्या वेळी मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. बोलणारा दगडू होता, पण शब्द कुणाचा होता हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमची अर्धी शपथ आम्ही मातीत घातली, उरलेली अर्धी देवानं सांभाळून ठेवली होती.

तळं अजून कोरडंच आहे, बागही गेली. ते आमच्या करणीचं, ते आम्ही सोसतो आहोत. हे आता देवळात जातात, सगळ्यांच्या मागं उभे राहतात. घरी आल्यावर लेकीला न्हाऊ घालायला ह्यांनी वाळलेली लिंबाची झाडं स्वतः तोडून चुलीला लावली. पाणी मात्र आमच्या घरात नव्हतं. पहाटे दार उघडलं तर ओट्यावर भरलेला हंडा होता, टँकरच्या पाण्याचा, वर ताट झाकलेला. हंड्यावर दगडूच्या बापाचं नाव कोरलेलं होतं. ह्यांनी त्या नावावरून हात फिरवला. मग दोन्ही हातांनी उचलून ह्यांनी तो हंडा आत आणला, त्या दिवशी भंडारा उचलला होता तसाच.