खाजणावरचा किल्ला

पनवेलच्या खाडीकडेला हल्ली माती सोडून सगळं मिळतं. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या सकाळी कमळाकर घरत नातवंडांना घेऊन बिल्डिंगच्या मागे गेले, आणि देवेश-मनस्वीनं किल्ल्यासाठी भरावातच खड्डा खणला. किल्ला रचताना आजोबांनी गोष्ट सांगायची, हा त्यांच्या घरचा रिवाज. एक वेळ फराळ चुकेल, गोष्ट नाही.

गोष्टही ठरलेली. या जागी खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन होती, तिच्यात भाताची शेतं होती. खाडी आत येऊ नये म्हणून बांध, आणि बांधात उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं लाकडी दार. भरतीआधी ते लावायचं काम सोळा वर्षांच्या कमळाकरकडे. एका दिवाळीत, अवसेच्या उधाणात ते कुजकं दार मोडलं, पाणी घरात शिरलं आणि सहा वर्षांची बहीण रंभा झोपेतच गेली.

"आजोबा, पाणी!" देवेश ओरडला.

दुपारचे बारा, भरतीची वेळ होत आली होती. पावसाचा थेंब नव्हता, तरी खड्ड्यात तळातून पाणी चढत होतं. कमळाकरांनी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट!

ते तसेच नातवंडांना घेऊन तळमजल्यावरच्या घरात आले. मुलगा दिव्यांची माळ लावत होता.

"प्रणित, मागं खड्ड्यात खाडीचं पाणी चढलंय. रातची भरती याच्याहून मोठी हाय. पोरांना घेऊन वरच्या मजल्यावर कुणाकडं तरी जा."

"बाबा, सणासुदीला अभद्र बोलू नका. बिल्डरनं दहा फूट भराव टाकलाय. आणि तेव्हाचं दार कुजकं होतं, तुम्हीच सांगता ना?"

म्हातारा माणूस गोष्टींपुरताच खरा! कमळाकरांनी पंचावन्न वर्षं जपलेलं खोटं आज नातवंडांच्या जिवावर उठलं होतं.

"दार मोडलं नव्हतं रं. मी लावलंच नाय. फटाके उडवत बसलो. बानं विचारलं, तवा बोललो, लावलंय. माज्या भरोशावर सगळी झोपली."

शरमेनं त्यांना मान वर करवेना. माळ तशीच टाकून प्रणित गाद्या गुंडाळू लागला.

"रंभाआजी माझ्याएवढीच होती ना?" मनस्वीनं विचारलं.

"हां, बाय."

मनस्वीनं आपली उशी उचलली. जिन्याकडे निघताना कमळाकरांनी हात पुढे केला, तर ती त्यांना वळसा घालून गेली आणि तिनं बापाचं बोट धरलं.