साखराबाई शिक्का मागते

बारावीचा निकाल लागला की आमच्या गावातले आईबाप मार्कांची प्रिंट घेऊन आधी साखराबाईकडे जातात आणि मग माझ्याकडे येतात. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, कॉम्प्युटर माझ्याकडे आहे, पण कोणत्या पोराला काय काय लागणार हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि गंमत म्हणजे साखराबाईला वाचता येत नाही. सहीच्या जागी ती अंगठा देते.

आमचं गाव चौसाळ्याहून आत सहा किलोमीटरवर. साखराबाई धनगराची. नवरा बंकट आणि ती मिळून दीडशे मेंढ्या राखतात. पंचेचाळीस-सेहेचाळीस वय, उन्हानं रापलेला चेहरा, आणि आवाज असा की ओढ्याच्या पलीकडची मेंढी मान वर करते. पाच वर्षांपूर्वीपर्यंत हा आवाज गावानं फक्त रानातच ऐकला होता.

तिची थोरली, धनश्री, बारावी सायन्सला कॉलेजात दुसरी आली. तिला नर्सिंगला जायचं होतं. सीईटी दिली, लातूरच्या यादीत राखीव जागेवर नाव लागलं. तिथं गेल्यावर जात पडताळणीचं प्रमाणपत्र मागितलं. ते नसेल तर निदान अर्ज केल्याची पावती तरी दाखवा म्हणाले. धनश्रीनं अकरावीतच सगळे कागद गावातल्या कॉलेजात दिले होते. तो अर्ज कॉलेजनं पुढं बीडला पाठवायचा असतो. त्यांनी तो पाठवलाच नव्हता. वर्षभर कपाटात पडून होता. जागा गेली. एसटीत बसून मायलेकी परत आल्या तेव्हा मी स्टँडवर होतो. धनश्री रडत होती. साखराबाई रडत नव्हती. ती मला म्हणाली, "हरिओम, त्या कपाटात अजून किती जनांचे कागद असतील रे?"

एकोणीस निघाले.

त्या एका वर्षात ती सगळं शिकली. धनश्रीला, मला, बीडच्या ऑफिसातल्या शिपायाला, एसटीत शेजारी बसलेल्या पोरांना, जो भेटेल त्याला विचारून. कोणता दाखला तहसीलचा, कोणता शाळेचा, कोणता दरवर्षी नवा काढायचा, कोणत्याला आजोबाचा पुरावा लागतो. जुन्या लुगड्याची सात कप्प्यांची पिशवी शिवली आणि एकेका कप्प्यात एकेक कागद. मी एकदा म्हणालो, "मावशी, वाचता येत नसताना घोटाळा होत नाही का?"

"दीडशे मेंढरं तोंडावरून वळखते," ती म्हणाली. "सात कागदं न्हाई वळखनार व्हय?"

पुढच्या साली धनश्री लातूरला गेली. साखराबाईचं काम झालं होतं, ती थांबू शकली असती. पण त्याच जूनमध्ये ती सोळा आईबाप घेऊन कॉलेजच्या खिडकीपुढं उभी राहिली आणि पडताळणीच्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक-शिक्का मागितला. क्लार्क सुग्रीव म्हणाला, "असा शिक्का आमी देत नसतो." ती म्हणाली, "मग कागद मिळाला न्हाई आसं लिहून दे." सुग्रीवनं शिक्के मारले. तेव्हापासून दरसाल दहा-बारा पोरं बाहेर जायला लागली. कुणी अॅग्रीला, कुणी पॉलिटेक्निकला, दोघी डीएडला.

हे कॉलेज राधाकिशन अण्णांच्या संस्थेचं. ज्युनिअर, सीनियर, दोन्ही. गावातली अर्धी जमीन, बाजारातले गाळे, सोसायटी, सगळं त्यांच्याच शब्दावर चालतं. माझं दुकानही त्यांच्याच गाळ्यात होतं. पोरं बाहेर गेली की त्यांच्या सीनियर कॉलेजची तुकडी भरत नाही, ही त्यांची अडचण. ती ते उघड बोलत नसत. कागद अडवत.

गेल्या वर्षी त्यांची स्वतःचीच नात अडली.

संस्कृती ही त्यांच्या मुलाची, अमरसिंहची, मुलगी. तिला फॉरेन्सिक सायन्स शिकायचं होतं. संभाजीनगरला यादीत नाव लागलं, शुक्रवारपर्यंत मूळ टीसी जमा करायची होती. अण्णांनी सुग्रीवला सांगून ठेवलं की टीसी द्यायची नाही. घरात म्हणाले, "मुडदे तपासायचं शिक्षण घेऊन काय करणार? आन घरची पोरगीच बाहेर गेली, तर लोकांची पोरं आपल्यात कावून थांबतील?" अमरसिंह बापापुढं बोलत नसे. आजी छबुबाई देवघरात जाऊन बसली.

मंगळवारी भर दुपारी संस्कृती स्कूटीवर माळावर गेली. साखराबाई बाभळीखाली बसलेली, मेंढ्या सावलीला. हे मला नंतर संस्कृतीनंच सांगितलं. साखराबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"तू त्यांची नात हायस," ती म्हणाली. "त्यांचा राग तुझ्यावर चार दिवस राहील. माझ्यावर जलमभर. माझी मेंढरं त्यांच्या रानात बसत्यात. मी पुढं झाले आन तू मधीच घरी जाऊन गप बसलीस तर?"

"नाही बसणार."

"रडून सांगू नको. तसंच सांग."

संस्कृतीनं डोळे पुसले आणि पुन्हा सांगितलं. साखराबाई उठली.

संध्याकाळी दोघी माझ्या दुकानात आल्या. टीसीचा अर्ज दोन प्रतीत टाइप करायचा होता. मी कीबोर्डवर हात ठेवला आणि हलेचना. गाळा कुणाचा, हे डोक्यातून जात नव्हतं.

"भ्या वाटतंय का?" साखराबाईनं विचारलं.

"वाटतंय, मावशी."

"मलाबी वाटतंय. काढ प्रिंट."

काढली.

बुधवारी सुग्रीवनं अर्ज हातातच घेतला नाही. "अण्णांना विचारा" म्हणून खिडकी लावून घेतली. दोघी दारातल्या बाकावर संध्याकाळी पाचपर्यंत बसल्या. गुरुवारी सकाळी पुन्हा येऊन बसल्या. त्या दिवशी अकरावीच्या ॲडमिशनला आलेले पंचवीस-तीस आईबाप व्हरांड्यात होते. मीही दुकान बंद करून गेलो, खोटं कशाला सांगू, बघायलाच गेलो होतो.

बाराच्या सुमाराला अण्णांची गाडी आली. नातीकडं न बघता ते साखराबाईपुढं उभे राहिले.

"साखरे, घरचा मामला हाय. तू मधी पडू नको."

"मी कुठं मधी? बाकावर बसले," ती म्हणाली. पण बोलताना उठून उभी राहिली, पदर नीट केला. "पोरीनं अर्ज आनलाय. शिक्का मारून घ्या, येवढंच."

"तुला अर्जावरचं एक अक्षर वाचता येतं का?"

"न्हाई येत. म्हनून तर धनश्रीचा कागद तुमच्या कपाटात वरीसभर पडला आन मला कळलं न्हाई. आता कळतंय."

अण्णांनी आवाज खाली आणला. "तुझी मेंढरं कुठं बसतात गं?"

"तुमच्या रानात. आन लेंडीखत तुमच्याच रानात पडतंय."

"उद्यापासून बसणार न्हाईत."

तिचा चेहरा उतरला. मी जवळच होतो, मला दिसला. दीडशे मेंढ्या घेऊन आषाढात कुठं जायचं, हा हिशोब तिच्या डोळ्यांत उभा राहिला आणि तिनं तो बाजूला ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "आता शिक्का मारा."

"न्हाई देणार म्हणलं तर?"

"तर न्हाई म्हना. पन कागदावर म्हना. पोरीला दाखला देत न्हाई, आसं लिहून खाली सही करा. आमी जातो."

अण्णा उघड्या दारातून आत ऑफिसात बसलेल्या प्राचार्यांकडं वळले. प्राचार्य टेबलावरचं पेन उचलेनात. इतक्यात संस्कृती पुढं झाली. "अण्णा, मला अठरा पूर्ण झालीत. अर्ज माझा आहे. साखरामावशीला बोलू नका, मला बोला."

अण्णा गाडीत बसले आणि गेले. लेखी नकार द्यायला कुणी तयार नव्हतं, आणि व्हरांड्यातून तासभर कुणी हललं नाही. मग सुग्रीवनं खिडकी उघडली, अर्ज घेतला, शिक्का मारला, प्रत परत दिली. चार वाजता टीसी तयार झाली. प्राचार्यांनी सही करताना मान वर केली नाही.

शुक्रवारी पहाटेच अमरसिंहनं मोटारसायकल काढली. चौसाळ्याला ओळखीचं कुणी बघेल म्हणून लेकीला मांजरसुंब्यापर्यंत नेलं आणि तिथून एसटीत बसवलं. परतताना माझ्या घरासमोर थांबला, म्हणाला, "साखराबाईला सांग, पोचली गाडीत." स्वतः मात्र तिच्या दारात गेला नाही.

अण्णांनी शब्द पाळला. त्यांचं रान तर बंद झालंच, दुसऱ्या शेतकऱ्यांनाही निरोप गेले. बंकट तीन दिवस बायकोशी बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "मला इचारायचं तरी." ती म्हणाली, "इचारलं असतं तर तू न्हाई म्हनला असतास." तो भावाला घेऊन मेंढ्यांसह डोंगराकडं निघून गेला तो दिवाळीनंतरच परत आला. सात मेंढ्या पावसात दगावल्या. त्याबद्दल साखराबाई कधी बोलत नाही, पण कुणी "चांगलं केलंस" म्हणालं की ती विषय बदलते. गाव तिला धाडसी म्हणतं, त्या सात मेंढ्या मात्र कुणी तिला आणून दिल्या नाहीत. बंकट परतल्यावर तानाजी नावाच्या एका शेतकऱ्यानं त्यांना आपल्या रानात बोलावलं. त्याची पोरगी सायली यंदा बारावीला होती. अण्णांचा माणूस त्याच्याकडं दोनदा येऊन गेला. तानाजीनं चहा पाजला आणि मेंढ्या हलवल्या नाहीत.

मला गाळा सोडावा लागला. आता माझं दुकान रस्त्याच्या पलीकडं पत्र्याच्या शेडात आहे. उन्हाळ्यात कॉम्प्युटर तापतो, पण गिऱ्हाईक कमी झालेलं नाही. संस्कृती दुसऱ्या वर्षाला गेली. सुट्टीत येते तेव्हा आजोबांच्या पाया पडते. ते आशीर्वाद देतात, अभ्यासाचं विचारत नाहीत.

यंदा जूनमध्ये चतुराबाई म्हणून एक बाई आली. तिच्या पोराला पॉलिटेक्निकला घालायचं होतं आणि कॉलेज टीसीला उद्या-परवा करत होतं. ती साखराबाईला म्हणाली, "तुमीच चला, तुमचं ऐकत्यात."

"संग येते," साखराबाई म्हणाली. "पन बोलनार तू."

"मला जमायचं न्हाई."

"मला तरी कुठं जमत हुतं?"

मीही गेलो त्यांच्यासोबत. साखराबाई गेटबाहेर लिंबाखालीच थांबली, आत आलीच नाही. चतुराबाई एकटी खिडकीपुढं गेली. अर्ज पुढं केला, शिक्का मागितला. सुग्रीव म्हणाला, "साहेब जेवायला गेलेत, उद्या या."

चतुराबाईनं मागं वळून गेटकडं पाहिलं. तिथून काही इशारा आला नाही. ती क्षणभर घुटमळली, मग खिडकीखाली फरशीवर मांडी घालून बसली.

"येऊ द्या जेवून," ती म्हणाली. "मी हाय हितंच."