रोटीचा वास

ओव्हनच्या काचेतून मी खमिराची जाड रोटी फुगताना बघत होते. निम्म्या भागावर लसणाची चटणी पसरली होती, निम्म्यावर दालचिनी आणि साखर. घरभर वास सुटला, तरी ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. तापातून उठून महिना झाला, पण जेवण कसं झालंय विचारलं की एकच उत्तर, "छान." परवा मी आमटीत मीठ घालायला विसरले, तर तीही छानच. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला होता.

"डोळे मिटा," म्हणत मी त्यांना एक तुकडा भरवला. "गोड की तिखट?"

ते बराच वेळ चावत राहिले. इतक्या वर्षांत बोलता न आलेलं कितीतरी मी या माणसाला ताटातूनच सांगत आले. तेच पोचत नसेल तर?

"काहीच कळत नाही गं," ते म्हणाले. "महिनाभर असंच आहे. तुला सांगायची भीती वाटत होती."

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊ. पण कड मस्त कुरकुरीत झालीय. अजून दे."

मी कडेचाच मोठा तुकडा तोडला.