कन्याकुमारीला निघालेली मिनीबस

"घाई कोणाला हाय?" असं म्हणत तो दुकानात शिरायचा आणि बाकड्यावर टेकायच्या आतच विचारायचा, "किती वेळ लागंल?"

वडखळ नाक्यावरून पेणकडे येताना गणपतीच्या कारखान्यांना लागून असलेलं माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान तुम्ही पाहिलं असेल. तिथे सगळे त्याला चाचा म्हणायचे. मूळ रोह्याकडचा, पण उमर आखातात ट्रेलर चालवण्यात गेलेली. बोलताना दोन्ही हात स्टिअरिंग धरल्यासारखे पुढे असायचे. रस्ता सांगू लागला की हात वळणं घ्यायचे, आणि घाट आला की आवाजसुद्धा खालच्या गिअरमध्ये जायचा.

कंपनीची शिफ्ट नेणारी एक जुनी मिनीबस त्याने घेतली होती. सीटा काढून आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली होती.

"कन्याकुमारी," तो म्हणाला. "चाचीला नेतोय. मी एवढी दुनिया फिरलो. तिनं नागोठण्याच्या पुढं काय बघितलं?"

चाचीची फुप्फुसं निकामी होत चालली होती. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन तिला सतत लागायचं. ते गाडीतल्या वेगळ्या, मागच्या बॅटरीवर चालायचं. गाडी पळताना ती बॅटरी इंजिनवर चार्ज व्हायला हवी होती. होत नव्हती. रोह्याहून पेणला येईस्तोवर निम्मी उतरायची.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"नका नेऊ म्हणतात. मी बोललो, घरी ठेवली तर बरी व्हईल काय? मग गप बसले."

मी मीटर लावला. पुढे इंजिनवर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरला दाब नीट होता, मागे पोचेपर्यंत गळपटत होता. वायर बारीक होती, ती काढून जाड केबल ओढली. दुकानात उभ्या गाडीत सगळं ठीक दिसलं. जिते गावापर्यंत चालवून आणली तर पुन्हा तेच. चाचाचे हात मांडीवर पडून होते. असे पडलेले हात मी पहिल्यांदाच पाहिले.

दुसऱ्या दिवशी गाडीखाली झोपून एकेक जोड तपासला, तेव्हा चोर सापडला. मागच्या बॅटरीची अर्थिंगची वायर चॅसीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, आवळली होती, पण रंगावरच. रंगातून करंट कसा जाणार? शेजारच्या कारखान्यातून पॉलिश पेपर आणला, लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं आणि बोल्ट पुन्हा आवळला.

या खेपेला चाचाने गाडी मला चालवायला लावली. स्वतः मागे पलंगावर आडवा झाला आणि मशीनची नळी आपल्याच नाकात घातली. आरशात बघून मला हसू आलं.

"हसू नको, मिस्त्री," तो मागून ओरडला. "तिला कसं वाटतं ते बघतोय."

परत येईपर्यंत तो तसाच पडून होता. मीटरकडे बघितलं तर बॅटरी भरत होती.

निघायच्या दिवशी दोघं दुकानावर थांबली. चाची उशीला टेकून बसली होती, सुकून काटकी झालेली. मी म्हटलं, "चाची, मशीनची काळजी करू नका."

"मशीनची नाय रे," ती दम घेत म्हणाली. "ह्याच्या चालवण्याची भीती हाय. ह्यानं वाळवंटात गाडी चालवलीय, समोरून कोण येतंय ते बघायची सवय नाय."

"गप गो," चाचा म्हणाला, आणि तिच्या पायांवरची चादर नीट केली.

चिपळूणहून त्याचा फोन आला, मग सावंतवाडीहून. "फुल्ल चार्ज हाय, मिस्त्री. चाचीनं आज मासे खाल्ले." कारवारच्या पुढे गेल्यावर फोन आला नाही. माझा लागला नाही.

चाचीच्या चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर तो एसटीने आला. बाकड्यावर बसला. मी चहा सांगितला, तो त्याने हातात धरून ठेवला.

"कारवारच्या पुढं दुपारची जेवली, आडवी झाली," तो म्हणाला. "डोळा लागला असंल म्हणून मी चालवत रायलो. मागं मशीनचा आवाज येत होता. फुस्स, फुस्स. एकसारखा. मी म्हटलं, आवाज येतोय म्हणजे ठीक हाय. संध्याकाळी समुद्र दिसला तवा गाडी थांबवली, तिला उठवायला गेलो."

 तिथून तिला घेऊन तो एकटाच रोह्याला परत आला होता.

"चाचा, झोपेतच गेली," मी म्हटलं. "तिला त्रास झाला नसेल."

"तुला काय माहीत?"

रागावून नाही विचारलं. खरंच विचारलं.  मशीन बंद पडलं असतं तर त्याने लगेच गाडी थांबवली असती, हे दोघांनाही कळत होतं. 

रोह्याची एसटी आली. तो उठला नाही. दुसरी आली, तीही त्याने जाऊ दिली. हायवेवरचे ट्रेलर बघत बसला होता. एका टेम्पोचं काम घेऊन मी खाली शिरलो. बाहेर आलो तेव्हा बाकडं रिकामं होतं. चहा तसाच भरलेला, वर साय धरलेली.