सोनईच्या बाजारातले पिवळे वीस पैसे

शलमोनला घाणीची किळस कधीच वाटली नाही. मुंबईच्या टांकसाळीत सव्वीस वर्षं त्यानं नाण्यांच्या कोऱ्या चकत्या तेजाबात धुतल्या आणि तो उग्र वास नाकात घेऊनच भाकरी खाल्ली. किळस यायची ती लबाडीची. पेन्शन घेऊन तो सोनईला परतला आणि एकाहत्तरच्या उन्हाळ्यात पुरता विटला.

पिवळ्या वीस पैशांत सोनं असतं, अशी आवई तेव्हा उठली होती. सूर्यभान नावाचा फिरता विक्रेता आठवडी बाजारात पथारी टाकून बसे. उजळ असेल त्यात सोनं, मळकट असेल ते निव्वळ पितळ, असं सांगत तो चकचकीत नाण्यांना कड्या लावून माळा विकी. शलमोनची शेजारीण लंकाबाई हिनं लेकीच्या लग्नासाठी चांदीचे वाळे देऊन त्यातली एक घेतली आणि हौसेनं त्याला दाखवायला आणली.

"शलमोनदादा, बघा की, कसं झळकतंय!"

त्यानं माळ उन्हात धरून तिरकी केली आणि तोंड वाकडं केलं. "नव्या नाण्यावर उजेड गोल गोल फिरतो, लंकाबाई. ही कुनीतरी घासल्यात. चल माझ्यासंगं."

बाजारात जाऊन त्यानं सूर्यभानाला सरळ सांगितलं, "हिचे वाळे दे."

"का? माझ्या नाण्यावर मळ दिसतो का कुठं?"

"मळाचं काय सांगतोस? सगळी एकाच धातूची असत्यात!" शलमोनचा आवाज चढला, तशी माणसं जमली. "नाणं ठोकायचा ठसा नवा असला की पहिली नाणी आरशावानी निघत्यात. मग रेशमावानी. हजारो ठोके खाऊन ठसा झिजला की मंद पडत्यात. चकती नीट धुतली न्हाई तर डाग ऱ्हातो. वर पोत्यात एकमेकांवर घासत्यात. सोन्याचा काय संबंध?"

कुणालाच पटेना. मग त्यानं खिशातलं काळवंडलेलं नाणं काढलं, शेजारी चिंच विकणाऱ्या बनुबाईकडून एक बुटूक आणि भजीवाल्याच्या चुलीतली राख घेतली, खसाखसा घासलं आणि सदऱ्याला पुसून वर धरलं. सूर्यभानाच्या नाण्यांहून ते लखलखीत दिसत होतं.

"आता ह्यात सोनं शिरलं का?"

गर्दी सूर्यभानाकडं वळली. सूर्यभानानं माळ परत घेऊन वाळे लंकाबाईच्या हातात ठेवले. मग शलमोनच्या कानाशी येऊन तो हसत म्हणाला, "बाबा, हात लई चांगला हाय तुमचा. निम्मी भागी घ्या."

शलमोन बाजूला पचकन थुंकला आणि घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गलका झाला. दहा-बारा माणसं उभी होती, प्रत्येकाच्या मुठीत मळकट पिवळी नाणी.

"दादा, तुमी टांकसाळीतलं मानूस. आमचीबी सोन्याची करून द्या."

मागं लंकाबाईही होती. तिची मान खाली होती, पण मूठ मात्र पुढं केलेली.

शलमोननं एकेका मुठीकडं पाहिलं. काल एवढं घसा फोडून सांगितलं, त्यातली फक्त चिंच आणि राख यांनी उचलली होती. "चिंच तुमच्याबी घरात हाय! व्हा बाजूला!" असं ओरडून त्यानं दार आपटलं.

सूर्यभान पुढं काष्टीच्या बाजारात बसू लागला आणि तिथं त्याचं बरं चाललंय, असं कानावर येई. शलमोन मात्र पुन्हा बाजाराला गेला नाही. बायको हन्ना एकटीच पिशवी घेऊन जाई आणि कोणी काय विकलं, ते त्याला सांगत नसे.